माणूसच बंद पडला तर?

थेल्मा स्टॅथर्सने उभं आयुष्य दुसऱ्यांच्या सुट्टीच्या गाद्या शिवल्या. इंग्लंडमधल्या हल शहरात तिच्या कारखान्यात कॅरव्हॅन तयार व्हायच्या, गाडीमागे जोडून ओढत न्यायची चाकांवरची घरं. पलंग, ओटा, कपाट, खिडक्यांना पडदे, सगळं आत. पडदे आणि गाद्या थेल्माच्या विभागात शिवल्या जायच्या. खिडक्या-दारं बसवणाऱ्या विभागात क्लिफर्ड होता. तो दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलायचा आणि थेल्मा तेवढी एका श्वासात बोलायची. लग्न झालं तेव्हा शिवणविभागातल्या बायकांनी पैज लावली होती, की हा माणूस चर्चमध्ये 'हो' तरी म्हणेल का. तो म्हणाला, पण इतक्या हळू की पाद्रीबुवांनी पुन्हा विचारलं.

मूलबाळ झालं नाही. हलजवळच्या हेसल गावात, हंबर नदीवरच्या मोठ्या पुलाच्या सावलीत, त्यांचं छोटं घर होतं आणि दारापुढे कारखान्यातूनच स्वस्तात मिळालेली जुनी कॅरव्हॅन. दर उन्हाळ्यात ती जोडून दोघं समुद्रकिनाऱ्याला नाहीतर डोंगराकडच्या तळ्यांवर जात. देशाबाहेर मात्र कधीच नाही. थेल्माने विषय काढला की क्लिफर्ड म्हणायचा, "पलीकडे लोक उलट्या बाजूने गाड्या हाकतात. मला सुट्टीत झोप हवी, लढाई नको."

म्हणूनच तो निवृत्त झाला त्या हिवाळ्यात, डुकराच्या मांसाच्या पावावर मोहरी लावता लावता "येत्या सप्टेंबरात ऑस्ट्रियाला जाऊ," असं म्हणाला, तेव्हा थेल्माने सुरी खाली ठेवली.

"कोण आपण?"

"नाही, इंग्लंडची राणी. अगं, आपणच. डोंगर ओलांडून, त्या तळ्यावर. पडद्यांवर होतं ते."

कारखान्यात एका मॉडेलला ऑस्ट्रियातल्या एका तळ्याचं नाव दिलं होतं. त्याच्या पडद्यांवर निळे डोंगर छापलेले असत. थेल्माने ते इतके शिवले होते की एकदा वैतागून म्हणाली होती, हे डोंगर खरंच एवढे निळे असतात की छापणारा प्यायला होता, हे एकदा बघायलाच हवं. तिला स्वतःला ते बोलल्याचं आठवत नव्हतं. क्लिफर्डला आठवत होतं. त्या संध्याकाळी ती गाणं गुणगुणत भांडी घासत राहिली. त्याला एकाएकी एवढी घाई का झाली, हा प्रश्न तिच्या मनाला शिवलाही नाही.

मग विम्याचा विषय निघाला.

क्लिफर्ड आणि विमा यांचं कधी जमलं नव्हतं. रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत पाठवणाऱ्या कंपन्यांना तो 'आळशी लोकांचे नोकर' म्हणायचा. त्याच्या गाडीच्या डिकीत हत्यारांची पेटी, दोर, इंजिनाचा जास्तीचा पट्टा, एवढं असलं की त्याचा विमा झाला. पण परदेशात तसं चालणार नव्हतं, म्हणून एका रविवारी त्याने शेजारच्या मॉरिस ब्लेंकिनला चहाला बोलावलं. मॉरिस दरवर्षी कॅरव्हॅन घेऊन फ्रान्सला जायचा आणि उरलेलं वर्ष त्याबद्दल सांगायचा.

टेबलावर हॅम, लोणच्यातलं बीट आणि लोणी लावलेले गोल पाव होते. मॉरिसने पहिला घास गिळायच्या आधीच सुरुवात केली.

"पहिली गोष्ट, कॅरव्हॅनची लांबी पुढच्या दांड्यासकट मोजायची. बेव्हर्ली गावच्या एका जोडप्याने दांडा मोजलाच नाही. स्पेनच्या डोंगरात आस तुटला. मदतीची गाडी आली, यांची गाडी उचलली आणि कॅरव्हॅनला म्हणाली, तू वीतभर जास्त आहेस. ठेवली तिथेच! बिचारे आगगाडीने घरी आले. मांडीवर पोपटाचा पिंजरा."

थेल्मा खो खो हसली. "पोपट काय म्हणाला?"

"तो म्हणे अजून बोलत नाही."

क्लिफर्ड हसला नाही. तो बिटाच्या फोडीकडे बघत होता. "आणि माणूसच बंद पडला तर?"

"म्हणजे?"

"गाडी ठीक आहे. कॅरव्हॅन ठीक आहे. चालवणारा पडला. मग काय करतात?"

मॉरिसने थेल्माकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "अरे, मग बायको चालवेल."

"थेल्मा कॅरव्हॅन ओढत नाही."

"हो बाबा, मी बाजारापर्यंत जाते आणि तिथे दोन गाड्यांची जागा अडवते," थेल्मा म्हणाली. पण तिचा विनोद टेबलावर तसाच पडून राहिला.

"काही कंपन्या ड्रायव्हर पाठवतात," मॉरिस जरा सांभाळून म्हणाला. "इथून विमानाने. तो सगळं घेऊन घरी आणतो, माणसांसकट. पण ते महागातलं विम्याचं कव्हर. तुला कशाला लागतंय? बैलासारखा आहेस."

"नुसतं विचारलं," क्लिफर्ड म्हणाला आणि त्याने बीट तोंडात टाकलं.

नुसतं विचारलं असतं तर तिथेच संपलं असतं. पण पुढचे कित्येक दिवस तो दुपारी फोन घेऊन बसायचा आणि एकेका कंपनीला गाठायचा. थेल्मा जिन्यावरून चादरी घेऊन उतरताना ऐकायची. गाडी किती जुनी, कॅरव्हॅन किती लांब, आल्प्समध्ये ओढून न्यायला येता का, सुटा भाग मिळेपर्यंत राहायची सोय करता का, हे सगळं तो भराभर विचारून घ्यायचा, एखाद्या मुलाने पाठ केलेलं म्हणावं तसं. मग थांबायचा. आवाज खाली यायचा.

"आणि चालवणारा आजारी पडला तर? बायको एकटी आहे. तिला भाषा येत नाही. तिला घरी कोण आणणार? ... नाही, तसं काही नाही मला. नुसतं विचारतोय. किती वेळात पोचेल तुमचा माणूस? ... आणि तोवर तिच्याजवळ कोण?"

थेल्मा जिन्यात उभी राहायची. हातातल्या उबदार चादरी गार होईपर्यंत ती तिथून हलायची नाही. स्वस्तातली कव्हरं त्याने एकामागून एक बाद केली. ज्या माणसाने लग्नातले बूट अजून तळ बदलून वापरले, तो सगळ्यात महागातलं कव्हर शोधत होता.

मग तिला एकेक गोष्टी दिसायला लागल्या, किंवा आधी दिसलेल्या गोष्टी ती नव्याने बघायला लागली. शरद ऋतूत त्याने आपली लांब शिडी मॉरिसला फुकट देऊन टाकली होती. "गुडघे," एवढंच कारण. फाटकाच्या खांबाला गाडीचा रंग लागला होता आणि विचारलं तर म्हणाला, पोस्टाच्या गाडीने घासला असेल. पोस्टाची गाडी लाल, तो रंग हिरवा, त्यांच्याच गाडीचा. गाडी लावून झाली तरी तो कधी कधी आतच बसून राहायचा, काचेतून समोर बघत. तिला वाटायचं, निवृत्त माणसाला करमत नाही. आणि त्या एका सकाळी तो कपात चहा ओतत होता, कप भरला तरी ओतत राहिला. चहा बशीत, बशीतून टेबलावर, टेबलावरून त्याच्या चपलेवर. तिने "अरे, डोळे भाड्याने दिलेस का?" म्हणून ओरडल्यावर त्याने किटली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "हे कोणी सांडलं?" तेव्हा ती हसली होती.

एप्रिलमध्ये नवे टायर घातले आणि क्लिफर्ड म्हणाला, चल, जोडून एक फेरी मारू, पुलावरून पलीकडच्या बार्टनला जाऊन येऊ.

ऊन होतं, पण वारा सुटला होता. मोठ्या पुलावर वारा कायमच असतो. खाली हंबर नदी कढवलेल्या चहाच्या रंगाची, कडेला गाळ उघडा पडलेला. कॅरव्हॅन मागे जराशी डुलत होती आणि थेल्मा बोलत होती, ऑस्ट्रियात स्टोव्हचा गॅस मिळतो की नाही, इथून डबे न्यायचे का, असं काहीतरी. उत्तर आलं नाही. ते नेहमीचंच होतं, म्हणून ती बोलत राहिली. मग तिने त्याच्याकडे पाहिलं.

क्लिफर्डचे डोळे उघडे होते. हात स्टिअरिंगच्या चक्रावर होते. ओठ हळूहळू हलत होते, गाय रवंथ करते तसे, आणि तोंडात काहीच नव्हतं.

"क्लिफ?"

पुढच्या उंच खांबाची सावली गाडीवरून सरकून गेली. त्याने पापणी लववली नाही.

"क्लिफ! क्लिफर्ड!"

गाडी अगदी सरळ चालली होती. तेच भयंकर होतं. वेग तोच, हात तेच, फक्त आत कोणी नव्हतं. मग वाऱ्याचा झोत आला, कॅरव्हॅनचं बूड बाजूला गेलं आणि सावरायला कोणी नसल्यामुळे गाडीचं नाक कठड्याकडे वळायला लागलं. थेल्माने शेजारच्या सीटवरून झेप घेऊन चक्र धरलं. त्याचे हात लाकडासारखे होते. तिने जोर लावला. कॅरव्हॅन एकदा इकडे, एकदा तिकडे झोके खाऊन पुन्हा गाडीमागे सरळ आली. बाजूने जाणाऱ्या ट्रकने लांब भोंगा वाजवला, त्याचा चालक खिडकीतून शिव्या देत असलेला तिला दिसला, पण ऐकू काही आलं नाही. आणि मग तिच्या हाताखालचे हात सैल झाले.

"काय म्हणालीस?" क्लिफर्ड म्हणाला. "गॅसचं काय?"

पलीकडे पोचल्यावर त्याने एका मोकळ्या जागी गाडी थांबवली. थेल्मा उतरली, झुडपामागे गेली आणि तिला उलटी झाली. परत आली तेव्हा तो खाली बसून जोडणीचा दांडा तपासत होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"वारा फार होता," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

"हो," थेल्मा म्हणाली.

आयुष्यभर एका श्वासात चार वाक्यं बोलणाऱ्या बाईला त्या वेळी एकच शब्द सुचला. थर्मासमधला चहा त्यांनी उभ्यानेच प्यायला. मग ती पुन्हा त्याच्या शेजारी बसली आणि त्याने गाडी पुन्हा त्याच पुलावर घातली, कारण घर पलीकडे होतं आणि कॅरव्हॅन ओढायला दुसरं कोणी नव्हतं. सगळा पूल संपेपर्यंत तिचा हात हँडब्रेकवर होता. आपण तेव्हा गाडीत का बसलो, मॉरिसला फोन का केला नाही, हे पुढे तिला स्वतःलाही सांगता आलं नाही. बोललं की ते खरं होणार होतं. एवढंच.

त्यानंतर घरात एक विचित्र सभ्यपणा आला. ती त्याला टोमणे मारेना. तो तिला जास्तीच चहा करून द्यायचा. रात्री ती त्याच्या श्वासाकडे कान लावून पडायची आणि दिवसा तो फोन करत राहायचा. शेवटी त्याला हवं तसं कव्हर सापडलं. गाडी, कॅरव्हॅन, हॉटेल, विमान, ड्रायव्हर, सगळं. एका सोमवारी दुपारी तो सगळं पक्कं करत होता. थेल्मा बटाटे सोलत होती. क्लिफर्डने फोन तिच्यापुढे धरला. "तिला तुझ्याशीही बोलायचंय. दोघांचं एकत्र आहे ना, म्हणून."

फोनवरच्या मुलीच्या बोलण्याला वेल्सकडचा गोड हेल होता. तिने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. थेल्मा म्हणाली, "बाईला वय विचारतेस, तुझी आई ओरडली नाही का कधी?" मुलगी हसली. मग म्हणाली, "आता फक्त एक प्रश्न, मिसेस स्टॅथर्स. हा आम्हाला दोघांनाही वेगवेगळा विचारावा लागतो. प्रवास करणाऱ्यांपैकी कुणाला चक्कर येणं, फिट येणं, शुद्ध हरपणं, असं काही होतं का?"

क्लिफर्ड पाठमोरा सिंकपाशी उभा होता. तो कप पुसत होता. कप केव्हाच कोरडा झाला होता. फडकं थांबलं.

थेल्माला कळलं, की त्याने याच प्रश्नाला 'नाही' म्हटलंय. तिला हेही कळलं, की तीही 'नाही' म्हणाली तर सप्टेंबरात ते निघतील. निळे डोंगर दिसतील, कदाचित. आणि एखाद्या वळणावर तो रवंथ करायला लागेल.

"हो," ती म्हणाली.

"कुणाला?"

"माझ्या नवऱ्याला."

"बरं. डॉक्टरांनी काय निदान केलंय?"

"डॉक्टरांना माहीत नाही, पोरी. तूच पहिली."

पलीकडे टाइप करायचा आवाज थांबला. मग ती मुलगी हळूच म्हणाली, "मिसेस स्टॅथर्स, त्यांना गाडी चालवू देऊ नका. हे मी कंपनीच्या वतीने सांगत नाहीये. आजपासूनच नका देऊ."

थेल्माने फोन ठेवला. खुंटीवरची गाडीची किल्ली काढली आणि एप्रनच्या खिशात घातली.

"परक्या पोरीला सांगितलंस," क्लिफर्ड म्हणाला. "मला नाही विचारलंस. तिला सांगितलंस."

"तुला विचारलं असतं तर वारा होता म्हणाला असतास."

त्याने कप एवढ्या जोरात ठेवला की दांडी तुटली. तिच्या माहितीत त्याने आवाज चढवल्याचा तो पहिलाच प्रसंग. "सगळी सोय केली होती मी! एकेक कंपनी पालथी घातली! मला काही झालं तर माणूस येणार होता, तुला गाडीत बसवून दारापर्यंत आणून सोडणार होता. तुला बोटसुद्धा हलवावं लागलं नसतं!"

"केव्हापासून होतंय?"

त्याने तुटलेली दांडी उचलली. मग खुर्चीत बसला. "कारखान्यातल्या शेवटच्या उन्हाळ्यापासून. एकदा शिडीवर. उतरल्यावर कळलं की मधला वेळच गेला कुठेतरी. डॉक्टरकडे गेलो असतो तर त्याच दिवशी लायसन्स गेलं असतं, थेल्मा. म्हटलं, एकदा तुला ते तळं दाखवतो, मग जाऊ दे काय जायचं ते."

"आणि समोरून येणारे?"

"कोण समोरून येणारे?"

"त्या डोंगरात. समोरून एखादी गाडी आली असती, मागे पोरं बसलेली. त्यांना घरी कोण आणणार होतं, क्लिफ? त्याचं कव्हर घेतलं होतंस का?"

क्लिफर्डने दोन्ही हातांनी डोकं धरलं, जसं काही ते आत्ताच त्याला जड लागायला लागलं होतं. थेल्माने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिला ठेवता आला नाही. ती बटाटे सोलायला लागली आणि सगळे सोलून झाले तरी थांबली नाही, घरात होते नव्हते ते सगळे बटाटे सोलून काढले.

हलच्या मोठ्या इस्पितळात त्याच्या डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीण तरुण होती. तिने पडद्यावर एक फिकट डाग दाखवला. सावकाश वाढणारी गाठ आहे, म्हणाली, पण अशा जागी बसलीय की कापायला गेलं तर बोलणंही जाईल आणि बरंच काही जाईल. गोळ्यांनी झटके कमी होतील. थांबतील असं नाही. लायसन्स त्याने स्वतः पाकिटात घालून परत पाठवलं. टपालपेटीत टाकताना हात बराच वेळ फटीतच होता, असं पाठीमागून बघणाऱ्या थेल्माला दिसलं.

उन्हाळाभर कॅरव्हॅन दारापुढे उभी राहिली. क्लिफर्ड रोज तिला पुसायचा. कधी फडकं एकाच जागी फिरत राहायचं, पुन्हा पुन्हा, आणि स्वयंपाकघरातून ते बघणारी थेल्मा जागच्या जागी थिजून उभी राहायची, फडकं पुढे सरकेपर्यंत. मॉरिस येऊन गेला. "विकायची असेल तर मला सांग," तो तिला बाजूला घेऊन म्हणाला. "आता काय उपयोग?"

"मॉरिस," थेल्मा म्हणाली, "तू शिडी नेलीस तेवढी पुरे."

पण रात्री तिने विचार केला आणि सकाळी एका जुन्या विमानतळावर शिकवणाऱ्या हेडली गारबट नावाच्या माणसाला फोन लावला. युद्धातली धावपट्टी होती ती, फटींतून गवत उगवलेलं. तिथे तो लोकांना कॅरव्हॅन ओढायला शिकवायचा. थेल्माला साठी उलटून तीन-चार वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी तिने त्याचे सगळे प्लास्टिकचे शंकू पाडले.

"बाई, मागे घेताना चक्र उलटं फिरवायचं," हेडली म्हणाला. "तिचं ढुंगण डावीकडे हवं तर तुम्ही उजवीकडे."

"म्हणजे नवऱ्याशी बोलतात तसं. मग येईल मला."

क्लिफर्ड घडीच्या खुर्चीवर बसून बघायचा. सुरुवातीला ओरडून सूचना द्यायचा. "लवकर! आता! अगं, आता!" नंतर नंतर सूचना कमी झाल्या. तिला वाटलं, आपल्याला जमायला लागलं. हेडली मात्र एकदा खिडकीशी येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "तुमचे मिस्टर मघापासून एकटक शंकूकडे बघतायत." थेल्माने गाडी थांबवली नाही. "बघू दे. तुम्ही मला वळण सांगा," ती म्हणाली.

झटके वाढत होते. शरदात डॉक्टरीण म्हणाली, "जायचं मनात असेल तर वसंतातच जा. पुढच्या सप्टेंबरावर टाकू नका."

या वेळी कव्हर थेल्माने निवडलं. ती सगळं खरं सांगायची आणि कंपन्या सभ्यपणे मागे सरायच्या. एकाने तर म्हटलं, आमच्या शुभेच्छा आहेत. "त्या टायरमध्ये भरू का?" थेल्मा म्हणाली आणि फोन आपटला. अखेर एक कंपनी तयार झाली. गाडी बंद पडली तर येऊ, कॅरव्हॅन बंद पडली तर येऊ, थेल्मा आजारी पडली तर ड्रायव्हरही पाठवू. पण मिस्टर स्टॅथर्सच्या डोक्यामुळे जे काही होईल, त्यातलं काहीही आमच्याकडे नाही. इस्पितळ नाही, विमान नाही, आणि... पलीकडचा माणूस अडखळला.

"आणि शवपेटीतून परत आणणंही नाही," थेल्मा म्हणाली. "कळलं. तेवढं माझ्याकडे."

मे महिन्यात ते हलच्या बंदरातून बोटीवर चढले. रॉटरडॅमला सकाळी उतरले तेव्हा पाऊस भुरभुरत होता आणि सगळं जग उलट्या बाजूने चाललं होतं. क्लिफर्डच्या मांडीवर नकाशा होता. "उजवीकडे राहा," तो सांगत होता. "चौकात उलटं फिरायचं. पुढे दुसरा फाटा. मग..." आणि गप्प झाला. थेल्माने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात हलले असते. मागे ट्रकचा भोंगा होता, समोर न कळणाऱ्या भाषेतल्या पाट्या. तिने मनाने एक फाटा घेतला आणि तो नशिबाने बरोबर निघाला.

जर्मनीत तीन मुक्काम झाले. तो कधी शब्द विसरायचा, चमच्याला 'ते वाटीचं' म्हणायचा. कधी दिवसभर अगदी पूर्वीसारखा असायचा, आणि ते दिवस तिला जास्त छळायचे.

शेवटच्या दिवशी डोंगर आले. चढ कसाबसा पार पडला. उतारावर मात्र कॅरव्हॅन मागून ढकलायला लागली, जणू आत कोणी खांदा लावून उभं होतं. थेल्माने हेडलीने सांगितल्याप्रमाणे गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली. तरी ब्रेक तापल्याचा जळका वास येत होता. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीचा कठडा आणि त्यापलीकडे फक्त हवा. अशात क्लिफर्डचं डोकं खिडकीवर आपटलं.

या वेळी तो नुसता गप्प झाला नव्हता. त्याचं सगळं अंग ताठ झालं होतं आणि मग ते हिसके द्यायला लागलं. पाय पुढच्या कप्प्यावर धडधडत होते. घशातून एक आवाज येत होता, जो माणसाचा वाटत नव्हता. थेल्माला त्याला धरायचं होतं. हात सोडला असता तर दोघंही कठड्यापलीकडे गेले असते.

"थांब, क्लिफ," ती म्हणत राहिली. "थांब, राजा. खाली पोचू दे. एवढं वळण. आता एवढंच." वळणामागून वळण येत होतं. समोरून एक बस वर चढत आली, खिडक्यांना शाळेची मुलं चिकटलेली. त्यातल्या एकाने कॅरव्हॅनला हात हलवला. थेल्माने अंग चोरावं तशी गाडी खडकाच्या बाजूला चोरली आणि बस गेली, एका हाताच्या अंतरावरून.

मग मोकळी जागा मिळाली. तिने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि त्याला कुशीवर वळवून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याने जीभ चावली होती. तिच्या झग्याला रक्त लागलं. हळूहळू हिसके थांबले आणि तो घोरायला लागला, खोल, जड. खाली, कड्याच्या पायथ्याशी तळं दिसत होतं. त्याला उठवून दाखवावं असं तिच्या मनात आलं, पण तिने उठवलं नाही.

तळ्याकाठी ते आठवडाभर राहिले. क्लिफर्ड बहुतेक वेळ झोपला. जागा असला की काठावर बसायचा आणि एकदा म्हणाला, "पाणी छान आहे." डोंगरांबद्दल काही बोलला नाही. थेल्मानेही विचारलं नाही. परतीच्या वाटेवर गाडी एकदाही बंद पडली नाही. त्याला शेवटचं घरी तिनेच आणलं, आणि पुढच्या पानगळीत तो हेसललाच, आपल्या पलंगावर वारला.

कॅरव्हॅन अजून दारापुढे आहे. मॉरिसने पुन्हा विचारलं होतं. थेल्मा हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मोठा वारा सुटला की पुलावरून जाणाऱ्या ट्रकचे भोंगे घरात ऐकू येतात. त्या वेळी ती उठून सगळ्या खिडक्या लावून घेते.